जमैकाचा किनारा आपल्या नावानं अडवला जातो

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये थंडीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की कॅनकून, बहामाज आणि जमैका ही नावं निघतातच. पूर्व किनाऱ्यावरून विमान काही तासांत पोचतं. 'ऑल-इन्क्लुझिव्ह' रिसॉर्टला एकदा पैसे भरले की खाणंपिणं, पोहणं, मुलांचे खेळ, सगळं त्यातच येतं, आणि बाहेर बर्फ असताना तिथे ऊन असतं. अशा वेळी कुणीतरी विचारतं, जिथले लोक इतके गरीब आहेत तिथे जाऊन आपण चैन करायची, हे बरं दिसतं का? त्यावर उत्तर ठरलेलं असतं: आपण गेलो नाही तर त्या बिचाऱ्यांच्या नोकऱ्या जातील. तिथे विषय मिटतो आणि तिकिटं निघतात.

मला या उत्तराशी भांडायचं आहे. जमैकाला जाऊ नका, असं मात्र मला म्हणायचं नाही. जरूर जावं. ब्लू माउंटनच्या उतारावरचे कॉफीचे मळे, पोर्टलँडमधली रिओ ग्रँडे नदी, बांबूच्या तराफ्यावरचा प्रवास, बोस्टन बेला मसाला चोळून धुरावर भाजलेलं जर्क चिकन, या गोष्टींसाठी माणसानं लांबून यावं असाच तो देश आहे. माझं भांडण आहे ते 'नोकऱ्या' या शब्दावर सगळं मिटवण्याशी. त्यात आपण स्वतःला निव्वळ पैसे देणारे समजतो. तिथे आपल्या नावानं काय काय चालतं, हे मग विचारायचं राहून जातं. सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की जमैकन माणसाला त्याच्याच समुद्रापासून दूर ठेवलं जातं आणि कारण म्हणून आपल्याकडे बोट दाखवलं जातं. पाहुण्यांना निवांतपणा हवा असतो, पाहुण्यांना सुरक्षित वाटलं पाहिजे, पाहुण्यांना फेरीवाल्यांचा त्रास नको. हे पाहुणे म्हणजे आपण.

याच्या मुळाशी एक कायदा आहे. बीच कंट्रोल अ‍ॅक्ट, साल १९५६. जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती, स्वातंत्र्य मिळायला अजून सहा वर्षं होती. भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांमधला पट्टा आणि त्यापुढचा समुद्राचा तळ या कायद्यानं ब्रिटिश राजसत्तेच्या, म्हणजे पुढे सरकारच्या, ताब्यात गेला. किनाऱ्याला लागून ज्याची जमीन आहे त्याला खासगी वापराची मुभा मिळाली. जे मच्छीमार आधीपासून किनारा वापरत होते त्यांचा वापर राहिला. हॉटेलांसारख्या व्यवसायांसाठी परवान्याची पद्धत आली. सामान्य नागरिकाला मात्र किनाऱ्यावर जाण्याचा आणि समुद्रात उतरण्याचा सरसकट हक्क या कायद्यानं दिला नाही. त्याच्यासाठी सरकार जाहीर करेल ते सार्वजनिक किनारे, नाहीतर तिकीट काढून आत सोडणारे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर जन्माला आलेल्या माणसाला समुद्र आपोआप मिळत नाही, आणि स्वातंत्र्याला साठ वर्षं उलटून गेल्यावरही तो कायदा जागेवर आहे.

ही कल्पना जमैकात जन्मलेली नाही. १८२१ साली इंग्लंडमध्ये ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल नावाचा खटला झाला. लिव्हरपूलजवळच्या एका किनाऱ्यावरून समुद्रस्नानाच्या गाड्या नेण्यावरून वाद होता. जनतेला समुद्रस्नानासाठी दुसऱ्याच्या मालकीचा किनारा ओलांडण्याचा सर्वसाधारण हक्क नाही, असं न्यायालयानं ठरवलं. थंड पाण्याच्या त्या देशात हा मुद्दा जमीनदाराच्या वाळूपुरता होता. वसाहतीत तोच विचार आला आणि कोळ्यांची, शेतमजुरांची, रविवारी पोरांना घेऊन पोहायला येणाऱ्या कुटुंबांची वाट त्यानं परवानगीवर ठेवली.

जमिनीचा इतिहास पाहिला की हे आणखी बोचतं. माँटेगो बेच्या आसपास आज जिथे मोठमोठी रिसॉर्टं आणि गोल्फची मैदानं आहेत, तिथे पूर्वी उसाचे मळे होते. रोझ हॉल, ट्रायॉल ही नावं मुळात मळ्यांची आहेत. १८३१ च्या नाताळात सॅम्युअल शार्प या गुलाम धर्मोपदेशकानं याच भागात मजुरी मागत काम थांबवण्याची हाक दिली. त्यातून बंड पेटलं आणि मे १८३२ मध्ये त्याला माँटेगो बेच्या चौकात फाशी दिलं गेलं. आज त्या चौकाला त्याचं नाव आहे. पुढे ब्रिटननं गुलामगिरी संपवली तेव्हा वसाहतींतल्या मालकांना मिळून २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. ज्यांना राबवलं त्यांना काहीच दिलं नाही. मुक्त झालेल्यांपैकी अनेकांनी डोंगराकडे सरकून आपली गावं वसवली, आणि मळ्यांची सपाट जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. म्हणजे आपण जिथे आरामखुर्ची टाकतो ती जागा मोकळी का होती, याला कारण आहे आणि त्या कारणाला तारखाही आहेत.

मळ्यांवर माणसं कमी पडू लागली तेव्हा १० मे १८४५ रोजी भारतातून करारानं आणलेल्या मजुरांचं पहिलं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं. १९१७ पर्यंत अशी सुमारे ३६ हजार माणसं जमैकात आली, बहुतेक उत्तर भारतातून. बोकडाच्या मटणाची करी आज तिथल्या प्रत्येक लग्नकार्यात असते, ती त्यांच्या हातची. आपल्यापैकी बहुतेकांचं जमैकाशी नातं सबिना पार्क या तिथल्या क्रिकेटच्या मैदानावरचं. १९७१ साली वाडेकरांच्या संघातल्या, मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी तिथे २१२ धावा केल्या आणि भारतानं वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला, एवढं आपल्याला पाठ असतं. त्या बेटावर आपल्याच देशातली माणसं ऊस तोडायला गेली होती, हेही माहीत असायला हवं.

पर्यटन आलं तेही मळ्यांच्या पाठोपाठ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केळी न्यायला येणाऱ्या अमेरिकन बोटींनी येताना प्रवासी आणायला सुरुवात केली, पोर्ट अँटोनिओला त्यांच्यासाठी हॉटेल उभं राहिलं. काळ्या जमैकनांना हॉटेलात काम होतं, पाहुणा म्हणून जागा नव्हती. असा फलक कुठे लावावा लागत नसे, रिवाजच तसा होता. १९४८ मध्ये इव्हॉन ब्लेक या पत्रकारानं राजधानी किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलच्या तलावात सरळ उडी मारली, तेव्हा तो रिवाज सगळ्या देशाला उघड दिसला. एका माणसाचं पोहणं ही बातमी व्हावी, असे ते दिवस होते.

आजच्या भिंती मात्र निव्वळ वर्णभेदातून आल्या असं म्हणणं अन्यायाचं होईल. सत्तरच्या दशकात पंतप्रधान मायकेल मॅन्ली यांचं समाजवादी सरकार, बॉक्साइटच्या अमेरिकन कंपन्यांवरचा कर, राजकीय टोळ्यांची मारामारी आणि १९७६ ची आणीबाणी यामुळे पर्यटक बिचकले. १९८० च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसं मारली गेली. हॉटेलं ओस पडत होती. मग नेग्रिलमध्ये आणि माँटेगो बेला असं रिसॉर्ट निघालं की पाहुण्याला फाटकाबाहेर पाऊलच टाकावं लागू नये. १९८१ साली सँडल्स ही रिसॉर्टांची साखळी सुरू करणारे गॉर्डन स्टुअर्ट हे जमैकनच होते. परदेशी भांडवलदारानं येऊन बेट गिळलं, एवढी ही गोष्ट सोपी नाही. बुडत चाललेला धंदा वाचवण्यासाठी जमैकनांनीच शोधलेली ती वाट होती आणि त्या वेळी तिनं हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे मी मनापासून मान्य करते. पुढे स्पॅनिश कंपन्यांनी शेकडो खोल्यांची रिसॉर्टं बांधली आणि अडचणीच्या काळातला तोडगा हीच कायमची पद्धत होऊन बसली. भीती ओसरल्यावरही कुंपण तिथेच आहे.

हल्ली जमैकाला येणाऱ्या पाहुण्यांची संख्या वर्षाला ४० लाखांच्या वर जाते. देशाची लोकसंख्या आहे सुमारे २८ लाख. एवढ्या पाहुण्यांचा पैसा राहतो कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं पूर्वी दिलेला आणि अजूनही सांगितला जाणारा अंदाज असा, की कॅरिबियनमध्ये पर्यटनाच्या डॉलरमधले ८० टक्क्यांपर्यंत पैसे पुन्हा बाहेर जातात: विमान कंपन्यांकडे, हॉटेलांच्या मूळ देशांत, आयात केलेल्या अन्नावर. हा अंदाज जुना आहे आणि प्रत्येक बेटाचा हिशेब वेगळा निघेल, त्यामुळे मी त्याची शपथ घेणार नाही. पण आपण नाश्त्याला बसतो तिथेच तपास सुरू करता येतो. नव्वदच्या दशकात जमैकानं बाजार खुला केला, अनुदानावर पोसलेली परदेशी दुधाची भुकटी स्वस्तात येऊ लागली आणि तिथल्या गोठ्यांचा धंदा बसला. युरोपात साखरेला मिळणारा हमीचा भाव २००९ पर्यंत संपला. केळ्यांच्या निर्यातीचं २००८ च्या वादळानंतर जवळजवळ उरलं नाही. शेतीतून सुटलेला तरुण हॉटेलात आला, आणि हॉटेलातलं दूध, लोणी, बटाटा बराचसा बोटीनं आला. सरकारला हे कळत नाही असं नाही. शेतकरी आणि हॉटेल यांची थेट गाठ घालून देणारी ऑनलाइन बाजारपेठ पर्यटन खात्यानंच उभी केली आहे. ती वाढली पाहिजे, आणि वाढायची तर ताटात काय कुठून आलं हे पाहुण्यानं विचारायला लागलं पाहिजे.

नोकऱ्यांबद्दलही थोडं स्पष्ट बोलू. नोकऱ्या खऱ्या आहेत. पण २०२४ च्या अखेरीला काही मोठ्या रिसॉर्टांमधल्या कामगारांनी काम थांबवलं, ते पगारासाठी आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर ठेवलं जातं म्हणून. आपल्या येण्यानं त्यांचं पोट चालतं असं म्हणणाऱ्यानं ते कसं चालतं हेही ऐकून घ्यावं. नाहीतर आपला खर्च दानधर्मासारखा मिरवायचा आणि कामगारानं तोंड उघडलं की त्याला कृतघ्न ठरवायचं, असं होतं.

जहाजाच्या सहली तर याही पुढे गेलेल्या आहेत. ट्रेलॉनी परगण्यातलं फॅलमथ हे १७६९ साली वसवलेलं सुंदर गाव. साखरेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या जुन्या इमारती तिथे आहेत आणि न्यूयॉर्कच्या आधी नळाचं पाणी आल्याचा त्याला अभिमान आहे. उसेन बोल्टचं गाव याच परगण्यात. २०११ मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाजांसाठी इथे बंदर झालं. एका जहाजातून हजारो माणसं उतरतात. त्यांच्यासाठी बंदराच्या आवारातच दुकानं आहेत, तिथूनच बस भरून ठरलेल्या ठिकाणी जातात आणि संध्याकाळी जहाजावर जेवायला परततात. गाव फाटकाच्या पलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर असतं. मला ही व्यवस्था मनापासून खुपते. फाटक ओलांडून बाजारात दोन तास फिरायला एवढी भीती कुठून येते?

या भीतीला आधार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरेल. जमैकातलं खुनांचं प्रमाण कितीतरी वर्षं जगात वरच्या क्रमांकावर राहिलं आहे. २०१७ मध्ये दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली. जानेवारी २०१८ मध्ये माँटेगो बे ज्या परगण्यात आहे त्या सेंट जेम्समध्येच आणीबाणी लावावी लागली, म्हणजे सैनिक रस्त्यावर आणि रिसॉर्टांत नेहमीसारखी गर्दी. अलीकडे हे आकडे बरेच खाली आले आहेत, त्याचं श्रेय तिथल्या लोकांना द्यायला हवं. मरणारे आणि मारणारे दोन्ही प्रामुख्यानं त्याच गरीब वस्त्यांतले, टोळ्यांच्या वैरात सापडलेले. पाहुण्यानं रात्री अनोळखी भागात भटकू नये, ओळखीची टॅक्सी घ्यावी, हे जगातल्या पुष्कळ शहरांना लागू आहे. पण यातून किनाऱ्यावर भाकरी कमावणाऱ्या बाईला, जाळं टाकणाऱ्या कोळ्याला, पोहायला आलेल्या शाळकरी पोरांना दूर ठेवायचं समर्थन निघत नाही. गुन्हेगारीचा बंदोबस्त पोलिसांनी करायचा. किनारा बंद करून गुन्हेगारी कमी झाली असती तर माँटेगो बे सगळ्यात शांत शहर असतं.

हे दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं, याचं उदाहरण कॅरिबियनमध्येच आहे. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. सगळ्यात महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवरही स्थानिक कुटुंब चटई पसरू शकतं, आणि तिथे श्रीमंत पर्यटक येणं काही थांबलेलं नाही. आपल्या गोव्यातही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोना पावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्याकडे जाणारी वाट एका मोठ्या हॉटेलच्या बांधकामात अडली होती. स्थानिक लोक वर्षानुवर्षं लढले, आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की समुद्रकिनाऱ्यासारखी संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, ती खासगी सोयीसाठी अडवता येत नाही. त्या निकालानंतर गोव्यातलं पंचतारांकित पर्यटन बुडालं नाही. पाहुणा हॉटेलात पाहुणाच राहिला आणि वाट गावाची राहिली.

जमैकातही लोक लढत आहेत. जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट या संघटनेनं मामी बे, पोर्टलँडचं ब्लू लगून, बुल बेचा बॉब मार्ली बीच अशा ठिकाणांसाठी न्यायालयाची दारं ठोठावली आहेत. त्यांच्या हातातलं एक हत्यार १८८२ चा कायदा आहे: लोकांनी एखादा किनारा वीस वर्षं अखंड, उघडपणे वापरला असेल तर त्यावर त्यांचा हक्क तयार होतो. म्हणून म्हातारे कोळी आणि आजीबाई आपण लहानपणी कुठे पोहत होतो याच्या साक्षी देतात. १९५६ चा कायदा रद्द करून सार्वत्रिक हक्काचा कायदा करावा, ही त्यांची मागणी आहे. मला ती शंभर टक्के रास्त वाटते.

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळलं. आजवर त्या बेटावर आलेल्या वादळांमध्ये सगळ्यात जोरदार. ब्लॅक रिव्हर गाव उद्ध्वस्त झालं, आणि देशाचं धान्याचं कोठार म्हणून ओळखला जाणारा सेंट एलिझबेथ परगणा झोडपून निघाला. त्यानंतर लगेच पर्यटन पुन्हा सुरू करण्याची धडपड सुरू झाली, आणि पुन्हा तोच प्रश्न आला की घरांवर छपरं नसताना तिथे सुट्टी घालवायला जायचं का. माझं उत्तर तेव्हाही 'जा' असंच होतं, कारण डॉलर बंद झाले असते तर छपरं आणखी उशिरा आली असती. जमैकानं २०१३ च्या सुमारास देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या जवळजवळ दीडपट असलेलं सरकारी कर्ज पोट बांधून निम्म्यावर आणलं होतं. अशा देशाला दयेनं पाहणं त्याचा अपमान आहे. पण वादळानंतर किनाऱ्यावर नव्यानं बांधकाम होणार, आणि नव्या बांधकामाबरोबर कुंपणही नव्यानं आखलं जाणार. त्या वेळी पाहुण्यांना काय हवं असतं, हे पाहुण्यांना न विचारता कुणीतरी ठरवणार.

इथे आपण काहीतरी करू शकतो, आणि त्यासाठी फार शहाणपण लागत नाही. राहायचं तर ट्रेझर बीचसारख्या ठिकाणी स्थानिक कुटुंबांची छोटी अतिथीगृहं आहेत, मॅरून लोकांच्या गावांत त्यांच्याच वाटाड्यांबरोबर जाता येतं. हे लोक म्हणजे पळून डोंगरात गेलेल्या आणि १७३९ मध्ये इंग्रजांना तह करायला लावणाऱ्या गुलामांचे वंशज. ते जमत नसेल, लहान मुलं आणि वयस्क आईवडील बरोबर आहेत म्हणून रिसॉर्टच हवं असेल, तर त्यातही लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. मात्र खोली घेण्याआधी हॉटेलला ई-मेल करून विचारा, की तुमच्या समोरच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना येता येतं का. उत्तर गुळमुळीत आलं तर तसं सांगून दुसरीकडे बघा. आणि परतताना अभिप्रायाचा कागद पुढे येतो तेव्हा उशा मऊ होत्या आणि जेवण छान होतं एवढंच लिहून देऊ नका. आम्हाला शेजारी जमैकन कुटुंबं पोहताना चालतील, आमच्या नावानं त्यांना अडवू नका, असं त्यात स्वच्छ लिहा. न्यूयॉर्क, टोरंटो आणि लंडनच्या पाहुण्यांनी हेच लिहायला सुरुवात केली, तर पर्यटकांना हे आवडणार नाही असं किंग्स्टनमध्ये कुणाला म्हणता येणार नाही.